निष्ठेचा भत्ता

सालगडी गुढीपाडव्याला ठरायचा. वर्षाचे रोख इतके, धान्य इतकं, कापडाचे दोन जोड, एक घोंगडी, पायात वहाणा, दुपारची भाकरी मालकाकडची आणि सुरुवातीलाच थोडी उचल. सगळ्यात महत्त्वाची ती उचल. पाडव्याला घेतलेली उचल आषाढ लागायच्या आत खर्चून जायची आणि गडी मात्र पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेला राहायचा. मालक चारचौघांत सांगायचा, आमचा गडी फार इमानी. गड्याचं त्यावर काय म्हणणं आहे हे विचारायची पद्धत नव्हती. कर्मचारी समाधान सर्वेक्षण तेव्हा निघालेलं नव्हतं.

मुळशी तालुक्यात आता सालगडी शोधून सापडत नाही, पण ठराव तोच चालू आहे. हिंजवडीचं राजीव गांधी आयटी पार्क पुण्यात आहे असं जगाला वाटतं. सातबाऱ्यावर तालुका मुळशीच लागतो. तिथे नोकरीचं पत्र मिळतं त्यात उचलीला जॉइनिंग बोनस म्हणतात, आणि खाली बारीक टायपात लिहिलेलं असतं की वर्षाच्या आत सोडून गेलात तर तो परत करायचा. घोंगडीऐवजी कंपनीचं नाव छापलेलं जाकीट मिळतं, वहाणांऐवजी पाठीवरची सॅक, भाकरीऐवजी फूड कार्ड. पाडव्याऐवजी एप्रिलचं अप्रेझल असतं, म्हणजे महिनासुद्धा फारसा हललेला नाही. फरक एवढाच, की आपल्याला काय मिळणार आहे हे सालगड्याला तोंडपाठ असायचं. आयटीतल्या इंजिनिअरला ते समजून घ्यायला सीएकडे जावं लागतं.

कारण सीटीसी, म्हणजे कंपनीला आपला पडणारा एकूण खर्च. ह्या आकड्यात पगार असतोच, शिवाय कंपनीने भरायचा पीएफ असतो, आरोग्य विम्याचा हप्ता असतो, आणि ग्रॅच्युइटीच्या नावाने मूळ पगाराचे ४.८१ टक्केही धरलेले असतात, जे पाच वर्षं टिकलात तरच दिसणार. काही ठिकाणी बसचे पैसेही त्यातच. थोडक्यात, कंपनीने आपल्यावर करायचे उपकार आधी आपल्याच नावावर खर्ची टाकलेले असतात आणि मग ते आपल्याला सप्रेम भेट मिळतात. लग्न जमवताना मुलाचा आकडा सीटीसीचा सांगतात, फ्लॅटचा हप्ता मात्र हातात पडणाऱ्या पगारातून जातो. म्हणून हल्ली मुलीकडची जाणती मंडळी पत्रिकेआधी पगाराची स्लिप मागतात.

माणूस कंपनीला धरून राहावा म्हणून हा सगळा खटाटोप. पण कोण कशाने धरून राहतो हे एचआरच्या तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी सकाळी चांदणी चौकात उभं राहावं. कंपन्यांच्या बसगाड्यांची एक ओळ भूगाव, भुकूम करत पिरंगुटच्या घाटाकडे निघालेली असते, दुसरी बायपासने हिंजवडीकडे. आत पाहावं तर सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. कंपनीने दिलेल्या सवलतींत सगळ्यात मोलाची कुठली असेल तर ही झोप, आणि ती नोकरीच्या पत्रात कुठेच नसते. हिंजवडीची वाहतूक ज्याने स्वतःची गाडी चालवत अनुभवली आहे त्याला बसचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने जास्त पगाराची नोकरी नाकारली, कारण नव्या कंपनीची बस नव्हती. त्याचा मॅनेजर त्याला टीमचा कणा म्हणतो. कणा आहे खरा, पण तो खिडकीजवळच्या सीटला टेकलेला आहे.

१९९१ साली कॅनडातल्या जॉन मायर आणि नॅटली अ‍ॅलन ह्या दोघांनी नोकरीवरच्या निष्ठेचे तीन प्रकार सांगितले आणि ते व्यवस्थापनाच्या पुस्तकांत कायमचे जाऊन बसले. मन लागलंय म्हणून राहणारा, सोडलं तर परवडणार नाही म्हणून राहणारा, आणि सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणारा. हे तीनही प्रकार मराठी माणसाला लग्नसंस्थेमुळे आधीपासून माहीत होते, फक्त आपण शोधनिबंध लिहिला नाही. मुद्दा असा, की सवलतींचा सगळा कारभार दुसऱ्या प्रकारावर चालतो आणि एचआरची सगळी भाषणं पहिल्या प्रकारावर.

दुसऱ्या प्रकारचा नमुना पाहायचा असेल तर ग्रॅच्युइटीला आलेला माणूस पाहावा. १९७२ च्या कायद्याने दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. अट एकच, सलग पाच वर्षं. चौथं वर्ष सरलं की ह्या माणसाचा स्वभाव पालटतो. तो साहेबांच्या विनोदांना हसतो, शनिवारी बोलावलं तर येतो, कंपनीच्या वर्धापनदिनाला नाचतो, वृक्षारोपणात स्वतःहून खड्डा खणतो. ज्या बॉसचं नाव घेताना तो आधी दात खायचा, त्याला आता 'सर शेवटी माणूस चांगला' म्हणतो. पाच वर्षं पूर्ण होतात, आणि पुढच्याच सोमवारी राजीनाम्याची मेल. मॅनेजर हादरतो, 'अहो, एवढा मन लावून काम करत होता!' होता ना. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. त्याच्या निष्ठेचा मोसम एकदम चार वर्षांनी अलीकडे आला.

पीएफनेही पूर्वी बऱ्याच लोकांना जागच्या जागी ठेवलं. नोकरी बदलली की फॉर्म १३ भरा, जुन्या साहेबाची सही आणा, मग वाट बघा. ज्या साहेबाच्या तोंडावर राजीनामा टाकायची स्वप्नं पाहिली त्याच्याचकडे पुन्हा सहीला जायचं, ह्या कल्पनेनेच कित्येक जण आहे तिथे निवृत्त झाले आणि निरोपसमारंभात एकनिष्ठ सेवेबद्दल शाल-श्रीफळ घेऊन गेले. २०१४ साली यूएएन नावाचा बारा आकडी नंबर आला आणि पीएफ माणसाबरोबर फिरायला लागला. सरकारचा हेतू चांगलाच होता, पण त्या नादात निष्ठेचा एक मजबूत खिळा उपटला गेला.

पिरंगुटच्या कारखान्यांकडची तऱ्हा वेगळी. तिथे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर, नाहीत, टेबल टेनिस नाही, झोपायच्या खोल्या नाहीत. तिथे चहा आहे. एका कारखान्यात, नाव कशाला घ्या, चारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं मिळायची. खर्चकपातीच्या बैठकीत एका तरुण साहेबाने पडद्यावर आकडे दाखवून बिस्किटं बंद केली. त्याच वर्षी कंपनीने अपघात विम्याची रक्कम दुप्पट केली होती आणि वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी सुरू केली होती. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बिस्किटांवर मात्र गेटसभा झाली. 'प्रश्न बिस्किटाचा नाही, पद्धतीचा आहे,' असं तिथे प्रत्येक वक्ता म्हणाला, आणि मग अर्धा तास बिस्किटावरच बोलला. फर्स्ट शिफ्टने चहाचे कप उलटे ठेवले. कॅन्टीनचे मामा, ज्यांचा ह्यात काही संबंध नव्हता, ते तोंड चुकवत फिरू लागले. ज्यांना घरी साखर बंद होती असे दोन मधुमेही ऑपरेटर सगळ्यात पुढे होते. तीन आठवड्यांनी बिस्किटं परत आली, पण वेगळी, पातळ. 'बिस्किटातसुद्धा मारलं,' हा शेरा त्या साहेबाची बदली झाली तरी टिकून आहे.

हसण्यासारखं आहे, पण जपून हसावं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना चिक्कार नफा झाला आणि मालकांनी १९१७ मध्ये कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. पुढे तो दरसालचा झाला, साधारण एका महिन्याच्या पगाराएवढा. मग धंदा बसला आणि १९२३ साली मालकांनी जाहीर केलं, यंदा बोनस नाही. मालकांचं म्हणणं, ती आमच्या खुशीची बक्षिसी होती. कामगारांचं म्हणणं, दरवर्षी मिळते ती बक्षिसी कसली, तो पगारच. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या घरात कामगार संपावर गेले आणि मार्चपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड ह्यांच्या समितीने निकाल दिला की कामगारांचा बोनसवर कुठलाही हक्क पोचत नाही. कामगार हरले. एकेचाळीस वर्षांनी, १९६५ मध्ये, बोनसचा कायदाच आला. किमान बोनस पुढे ८.३३ टक्के झाला, जास्तीत जास्त २० टक्के. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. खुशीने दिलेली गोष्ट दोन दिवाळ्यांत रीत होते आणि रीत मोडली की भांडण होतं, एवढं कळायला सरकारला चार दशकं लागली. पिरंगुटच्या साहेबाला तीन आठवडे लागले, म्हणजे तो हुशारच म्हणायचा.

अमेरिकेतल्या फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये ह्याचंच शास्त्र लिहिलं. पगार, सवलती, कामाची जागा ह्या गोष्टींनी माणूस फारसा खूश होत नाही, त्या कमी पडल्या तर नाराज मात्र नक्की होतो. हर्झबर्ग पिरंगुटला आला नव्हता. आला असता तर पुस्तक पातळ झालं असतं.

ह्याच्या उलटं उदाहरण म्हणून लोक हेन्री फोर्डकडे बोट दाखवतात. १९१३ साली त्याच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जात की वर्षाची गळती ३७० टक्क्यांवर गेली होती. १९१४ च्या जानेवारीत त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि गेटवर झुंबड उडाली. गळती झपाट्याने कमी झाली. पण त्या पाच डॉलरांना एक शेपूट होतं. फोर्डची माणसं कामगारांच्या घरी जाऊन बघायची की हा दारू पितो का, पैसे साठवतो का, घर नीट ठेवतो का. आता कंपन्या घरी माणूस पाठवत नाहीत, मनगटावर बांधायला पट्टी देतात. रोज दहा हजार पावलं चाला, पहिला येईल त्याला व्हाउचर. हिंजवडीतल्या एका गृहस्थांनी ती पट्टी आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातात बांधली. मुलगा सलग दोन महिने कंपनीत पहिला आला. तिसऱ्या महिन्यात एचआरने त्या गृहस्थांना 'निरोगी जीवनशैली' ह्या विषयावर बोलायला बोलावलं, आणि ते जिना चढून वर पोचल्यावर त्यांचा श्वास परत यायची सगळे वाट बघत होते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मात्र हा विषय विनोदाचा राहत नाही. घोटावडे फाट्यावर संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा हातातल्या पिशव्या बघाव्यात. पर्मनंट माणसाच्या हातात मोठं खोकं असतं, मिक्सर नाहीतर कुकर. ठेकेदाराच्या माणसाच्या हातात अर्धा किलो मिठाई. मशीन तेच, पाळी तीच, हातावरचं ऑइलही तेच. पिशवी वेगळी. पर्मनंटवाले ते खोकं जरा काखेत दडवून नेतात, कारण शेजारी उभा असलेला पोरगा बऱ्याचदा गावातलाच, भावकीतलाच असतो. वर्षभर व्यवस्थापन 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणत असतं. घरात दिवाळीला एका भावाला कुकर आणि दुसऱ्याला अर्धा किलो मोतीचूर दिला तर काय होतं, हे त्या फाट्यावर कुणालाही विचारावं.

कर्मचारी कल्याणाचा विषय निघाला की आपल्याकडे टाटांचं नाव येतंच, आणि ते रास्त आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली पेन्शनची सोय झाली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, १९२० मध्ये प्रॉव्हिडंट फंड आणि पगारी रजा. देशाचा पीएफचा कायदा त्यानंतर बत्तीस वर्षांनी झाला. पण हे मुळशीत सांगताना आवाज जरा खाली ठेवावा. ह्याच टाटांच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, ज्यातून बापट हे 'सेनापती' झाले. धरण व्हायचं ते झालंच. गावं बुडाली, वीज मुंबईला गेली. एकाच घराण्याने गेटच्या आतल्याला पेन्शन दिलं आणि गेटच्या बाहेरच्याला पाणी, तेही गळ्यापर्यंत. म्हणून मुळशीच्या म्हाताऱ्याला कंपनीच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगितल्या की तो पहिला प्रश्न विचारतो, 'ते खरं, पण आपला माणूस आत आहे का बाहेर?'

पुढच्या पिढ्यांनी जमिनी विकल्या त्याची गोष्ट 'मुळशी पॅटर्न' सिनेमाने २०१८ साली सगळ्या महाराष्ट्राला दाखवली. सगळेच तसे संपले नाहीत. काहींनी गाड्या घेतल्या आणि त्या कंपनीला लावल्या. माझ्या पाहण्यात कंपनीवर सगळ्यात जीव असलेली माणसं हीच. अर्टिगा कंपनीला लावलेला माणूस कंपनीचे तिमाही निकाल वाचतो. वर्क फ्रॉम होमचं नाव काढलं की त्याला घाम फुटतो. मंदीची बातमी आली की तो आत काम करणाऱ्या इंजिनिअरलाच धीर देतो, 'काय होत नाय साहेब, आपली कंपनी मजबूत आहे.' त्याला पीएफ नाही, विमा नाही, दिवाळीचं खोकं नाही. सवलत शून्य. 'आपली कंपनी' म्हणणारा तेवढा तोच.

आणि गावातले जे आत लागलेत त्यांना काय हवं असतं? मी पिरंगुट पट्ट्यातल्या बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. कुणी विमा म्हणालं नाही, कुणी जिम म्हणालं नाही. उत्तर एकच, भातलावणीला चार दिवस. मृग, आर्द्रा लागल्या, खाचरात पाणी साठलं, तरवा उपटायला आला की ह्या तालुक्यातला माणूस मशीनसमोर उभा असतो, पण मनाने गुडघाभर चिखलात असतो. रजा नाही दिली तरी तो जातोच, फक्त तेव्हा त्याची आजी वारते. पिरंगुट भागातल्या सुपरवायझरांनी एकेका माणसाच्या चार-चार आज्या सोसल्या आहेत. हिंजवडीतही तेच. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं, सगळं गाव वाकडच्या वाटेला लागतं आणि काचेच्या इमारतीतल्या गावकऱ्याच्या पोटात त्या दिवशी अचानक दुखतं. एका फॅक्टरीच्या जुन्या मॅनेजरांनी शेवटी जूनमध्येच लावणीच्या रजांचा तक्ता नोटीस बोर्डावर लावायला सुरुवात केली, आधी वरच्या गावांची माणसं, मग खालच्या गावांची. खर्च एका कागदाचा. त्यांच्याकडे आज्या मरायच्या थांबल्या, आणि त्या मॅनेजरांच्या घरी दर दिवाळीला कुणीतरी न सांगता इंद्रायणी तांदळाची पिशवी ठेवून जातं. मायर आणि अ‍ॅलन ह्यांच्या पहिल्या प्रकाराचा मला भेटलेला हा एवढाच ठोस पुरावा, साधारण पाच किलोंचा.

बाकी निष्ठा मोजायची साधनं सगळी फसवी. कंपन्या सर्वेक्षणात विचारतात, तुम्ही आपल्या मित्राला इथे नोकरी करायची शिफारस कराल का? लोक उत्साहाने हो म्हणतात. म्हणणारच, रेफरल बोनस आहे. मित्र आत लागला आणि तीन महिने टिकला की पैसे मिळतात. त्या तीन महिन्यांत ज्याने शिफारस केली तो मित्राची आईसारखी काळजी घेतो, डबा आणतो, बॉसपासून वाचवतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी दोघं मिळून दुसरीकडे मुलाखतीला जातात.

तर कंपनीने निष्ठेसाठी काय द्यावं हा हिशेब कंपनीवर सोडावा. आपण एक काम करावं. ज्यांचा पीएफ कापला जातो त्यांना त्याबरोबर ७ लाख रुपयांपर्यंतचा आयुर्विमाही असतो, त्याचा हप्ता मालक भरतो, आणि ही सवलत अंगावर असलेल्या बहुतेकांना तिचा पत्ता नसतो. तिचे पैसे घरच्यांना मिळतात ते पीएफच्या वारसनोंदीप्रमाणे. लग्नाआधी भरलेलं वारसाचं नाव लग्नानंतर नव्याने भरावं लागतं. पीएफच्या संकेतस्थळावर जाऊन आजच ते तपासा. ऑफिसच्या वेळात, कंपनीच्या इंटरनेटवर केलंत तरी चालेल, ती सवलत अजून कुणी बंद केलेली नाही.